ताराबाई मोडक : अंगणात गेलेली शाळा



स्मरणिका समितीने माझ्या गळ्यात दोन कामे घातली. पहिले, बॅचची यादी करायचे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर एक्सेलची कामे न विचारता माझ्याकडे येतात, घरीसुद्धा. दुसरे, शिक्षणक्षेत्रातल्या एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहायचे. दुसऱ्या कामासाठी सुरुवातीला माझ्या मनात वेगळेच नाव होते. पहिल्या कामाने ते बदलले.

दहावीची यादी शाळेच्या ऑफिसातून तयारच मिळाली. मग कुणीतरी ग्रुपवर आपला चौथीचा वर्गफोटो टाकला. मी सवयीने डोकी मोजली आणि एकेक नाव दहावीच्या यादीशी लावत गेले. बरीच नावे लागली नाहीत. काहींच्या वडिलांची बदली झाली होती, काही दुसऱ्या शाळेत गेले, तेवढे आठवले. पण काही जण नुसतेच नव्हते. पहिल्या रांगेतली, दोन वेण्या घातलेली ती तुम्हाला आठवते का? पाचवीत काही दिवस ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन वर्गात यायची, कारण आई कामावर जायची आणि त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती. बाईंनी काही दिवस चालवून घेतले. पण भाऊ रडायचा, वर्ग हसायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. मी तिच्या शेजारी बसायचे. मला आठवते ते इतकेच, की बाकावर दप्तर ठेवायला जागा झाली म्हणून मला बरे वाटले होते.

कडेवर भाऊ असलेल्या मुलीचे शाळेने काय करायचे, हा प्रश्न आपल्या आधी कितीतरी वर्षे एका बाईंनी फार गंभीरपणे घेतला होता. त्या म्हणजे ताराबाई मोडक. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्यावर एखादी ओळ असायची आणि तिथेच आपली त्यांची ओळख संपायची. म्हणून आज थोडे सविस्तर.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. घर प्रार्थना समाजाचे, सुधारकी वळणाचे. मुलीने शिकायचे की नाही हा तिथे वादाचा विषयच नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर बाई बोटांवर मोजण्याइतक्या. पुढच्याच वर्षी अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले. तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या, तेव्हा पदरी एक लहान मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळे होऊन, मूल घेऊन, परप्रांतात नोकरीला जाणे ही काय गोष्ट असेल याची कल्पना आपल्यातल्या काही जणींना तरी करता येईल. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई. पगार चांगला, मान चांगला. इथेच त्या राहिल्या असत्या तर आयुष्य सुखात गेले असते.

पण १९२३ च्या सुमारास त्या ते सोडून भावनगरला गेल्या. तिथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती आणि त्या संस्थेत गिजुभाई बधेका नावाच्या माणसाने १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाला कसे शिकवावे या विचारात असताना इटलीतल्या मारिया माँटेसोरी यांचे लिखाण त्यांच्या हाती पडले आणि वकिली सुटली. मारायचे नाही, घाबरवायचे नाही, नंबर लावायचे नाहीत. गोष्टी, गाणी, नाटके, बाग, हाताने करायची कामे यांतून मूल शिकते, हे त्यांनी गुजरातेत करून दाखवले. बालमंदिरातली मुले त्यांना मिशाळ आई समजायची.

गिजुभाईंचे नाव गुजरातेत घरोघर झाले, ताराबाईंचे तितके झाले नाही. मला वाटते त्याचे कारण कामाच्या वाटणीत आहे. गिजुभाई मुलांत रमणारे. ताराबाईंनी मुलांबरोबरचे काम तर केलेच, पण त्याशिवाय शिक्षक तयार करणे, लेखन, संपादन, संस्था उभी करणे ही न दिसणारी कामे उचलली. गुजराती ही त्यांची मातृभाषा नव्हे, तरी त्या भाषेत त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. शिक्षणपत्रिका हे मासिक चालवले, पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, तो या दोघांच्या खटपटीने. ऑफिसमध्ये ज्याला आपण डॉक्युमेंटेशन म्हणतो आणि जे कुणालाच करायचे नसते, ते ताराबाईंनी केले. म्हणूनच एका बालमंदिरात जमलेली गोष्ट दुसऱ्या गावी नेता आली.

नंतर त्या मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. बालवाडीचे शिक्षक मराठीतून तयार व्हावेत म्हणून अध्यापन मंदिरही काढले. दादरमधली ही शाळा चांगली चालली. १९३९ मध्ये माँटेसोरीबाई स्वतः मद्रासला आल्या, महायुद्धामुळे काही वर्षे इथेच राहिल्या, आणि शहरांतून त्यांच्या पद्धतीचे नाव सुशिक्षितांच्या तोंडी झाले. ताराबाईंचे वय तेव्हा पन्नाशीकडे झुकलेले. नाव झालेले. त्याच वर्षी गिजुभाई वारले.

मला इथे थांबून एक सांगावेसे वाटते. माँटेसोरी पद्धतीची साधने सुबक असतात. घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, रंगीत पट्ट्या. ती महाग असतात, आणि मूळ पद्धत मानणाऱ्यांचा आग्रह असा की साधने नेमकी तशीच हवीत. माँटेसोरीबाईंनी पहिली शाळा १९०७ मध्ये काढली ती रोममधल्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी, आणि तीस वर्षांत ती पद्धत जगभर सधन घरांची होऊन बसली. ताराबाईंना हे टोचत होते. ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत, आई शिकलेली आहे, त्याला शिशुविहाराने थोडे अधिक मिळते. ज्याच्या घरी यातले काहीच नाही, त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

म्हणून १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर मागे ठेवून बोर्डीला गेल्या. बोर्डी हे डहाणूजवळचे समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये. तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

बरोबर होत्या अनुताई वाघ. अनुताईंवर स्वतंत्र लेख व्हायला हवा, इथे दोनच वाक्ये लिहिते. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग ट्रेनिंग करून शिक्षिका, पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी आणि रात्रशाळेतून मॅट्रिक. १९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्यातली स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. त्या वेळी त्या पस्तिशीच्या होत्या. ताराबाई योजना आखत आणि अनुताई ती वस्तीत नेऊन उभी करत, असे म्हटले तर फार चुकणार नाही. त्या दोघींतले नाते गुरुशिष्येचे होते, पण कष्टात वाटा बरोबरीचा होता.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली. गावातली मुले आली. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती आली नाहीत. दलित वस्तीतली नाहीत, वारली पाड्यांवरची नाहीत. याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नव्हते. अंगावर कपडा नाही, आंघोळ नाही, गावात जायची भीती, जातीचे अंतर, आणि आईबाप पहाटेच मजुरीला गेल्यावर तीन वर्षांच्या मुलाला आणून सोडणार कोण?

शाळा उघडली, मुले आली नाहीत, तर आपण काय म्हणतो? पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. आमच्या धंद्यातही हेच चालते. आपले सॉफ्टवेअर कुणी वापरले नाही की युजरला अक्कल नाही म्हणायचे. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल इथे येत नाही, तर शाळा तिकडे जाईल.

मग शिक्षिका सकाळी वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडायचे, मुले गोळा करायची. पहिला धडा अक्षरांचा नसे. तोंड धुणे, केस विंचरणे, नखे कापणे, खरजेला औषध लावणे. मग गाणे, गोष्ट, खेळ. साधने तिथलीच: शिंपले, खडे, चिंचोके, पाने, बिया, माती, बांबू. लहानमोठे लावायचे ते शंखशिंपल्यांनी, मोजायचे ते चिंचोक्यांनी, रंग ओळखायचे ते पानाफुलांवरून. हाताला वळण लागले, डोळ्याला फरक कळू लागला, कानाला गाणे बसले, की अक्षर आपल्या वेळेला येते. आई, आजी, शेजारची म्हातारी दारात उभ्या राहून बघणारच. त्यामुळे मूल शिकता शिकता घरालाही शिकवणे होत होते.

अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. आज हा शब्द देशभर सरकारी कागदांवर आहे, पण त्याचा उगम असा, मुले येत नाहीत या अडचणीत आहे.

त्याच १९४५ साली तलासरी-डहाणू भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात होते. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे, कर्जापायी आयुष्यभर बांधले जाणे, हे वारली घरांचे रोजचे जिणे होते. ताराबाईंची मुले या घरांतली. बालशिक्षणाच्या गोष्टी वाचताना हे विसरायला होते, म्हणून मुद्दाम लिहिले. गोदावरीबाईंचा रस्ता लढ्याचा, ताराबाईंचा शिंपल्या-चिंचोक्यांचा. दोघी मुंबई-पुण्याकडच्या शिकलेल्या बायका, जवळपास एकाच मुलखात. यातला कोणता रस्ता जास्त उपयोगाचा होता, हे मला ठरवता आलेले नाही. पोटाला नसेल तर गाणे कुठवर पुरणार, असेही वाटते. आणि वेठ सुटल्यावर त्या मुलाला शाळेत टिकवणार कोण, असेही.

१९५७ मध्ये काम डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर हलले, थेट आदिवासी पाड्यांत. ताराबाई पासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. इथले काम मला सगळ्यात मोलाचे वाटते, कारण इथे प्रश्न वयाप्रमाणे बदलत गेला आणि त्यांचे उत्तरही.

बालवाडीतली मुले सहा वर्षांची झाली की प्राथमिक शाळेत जायला हवीत. ती जात नव्हती. गेलीच तर टिकत नव्हती. मुलींचे कारण एक होते, धाकटे भावंड. आई गवत कापायला किंवा शेतावर गेली की सात-आठ वर्षांची मुलगीच घरची आई. तिला शाळेत पाठवा म्हणणे म्हणजे तान्ह्याला टाकून ये म्हणणे. मुलांचे कारण दुसरे होते, गुरे. आणि थोडी मोठी झाली की सगळ्यांचेच कारण मजुरी.

मुलींसाठी ताराबाईंनी विकासवाडी आखली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलगी भावाला कडेवर घेऊन येईल. तान्हे असेल तर त्याला पाळण्यात ठेवील, तीन-चार वर्षांचे असेल तर बालवाडीत सोडील, आणि आपल्या वर्गात जाऊन बसेल. मध्येच तो रडला तर उठून बघून येईल. शाळा सुटली की सगळी मिळून घरी.

इतके साधे उत्तर. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ काही सुचले नाही.

यातून आणखी एक गोष्ट झाली. मोठी मुले लहानांना पाहत होती, लहान मोठ्यांना. आपल्या शाळेत चौथीतला तिसरीतल्याशी बोलायचा नाही, आठवले का? तिथे पहिलीतल्या मुलाला वर्ग परका वाटायचे कारणच उरले नाही. त्याने तो पाळण्यातून पाहिलेला. आणि बहिणीला शाळा म्हणजे चोरून केलेली गोष्ट वाटेना, कारण घरचे काम तिने टाकलेले नव्हते. पाळणाघरात लहान मुलाला कसे धुवावे, काय खाऊ घालावे हे ती बघत होती, तोही एक धडाच.

गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच शिक्षक जायचा. एक डोळा गाईंवर, एक पाटीवर. समोर झाड, दगड, ओढा, पक्षी असताना पर्यावरणाचा धडा पुस्तकातून कशाला शिकवायचा? शिवाय पुस्तकातली मराठी त्यांच्या घरची नव्हे. घरची बोली वारली. त्यामुळे ज्याला हात लावता येतो, ज्याचे नाव मुलाला आपल्या बोलीत माहीत आहे, तिथून सुरुवात करणे हाच शहाणपणा होता. दिवसभर कामावर जाणाऱ्या मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते.

म्हणजे तान्ह्याला पाळणा, तिनाच्या मुलाला अंगण, सातच्या मुलीला भावासकट वर्ग, दहाच्या मुलाला कुरण, मोठ्याला रात्र. आपल्या ग्रुपवर हल्ली कोणाचा ज्युनिअर केजीचा प्रवेश, कोणाची आठवीतली गणिताची धास्ती, कोणाची मुलगी नव्या शाळेत एकटी पडलेली, असे विषय निघतात आणि आपण एकमेकांना क्लासचे पत्ते देतो. मीही देते. पण हे मूल दिवसभर कुठे असते, त्याच्यावर घरचे कोणते ओझे आहे, हे आधी पाहावे आणि मग शाळेने कसे असावे ते ठरवावे, हा क्रम मला कोसबादहून कळला.

हे सगळे सुरळीत झाले असे समजू नका. पाड्यावरच्या कष्टाच्या दिवसांत हजेरी गळायची. पैशांची ओढाताण नेहमीची. प्राथमिक शाळेच्या पुढे किती मुले गेली, हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि एका टेकडीवरच्या कामाकडून त्याचे मोठे उत्तर मागणे हा अन्यायही आहे. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. सन्मानाने रस्ते थोडे मोकळे झाले असतील, पण कोसबादला पाळणे झुलवायला माणसेच लागत होती. अनुताईंनी तर या सगळ्या धबडग्यात एक्कावन्नाव्या वर्षी पदवी घेतली.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. पोषण आहार, लसीकरण, तपासणी ही त्यातली कामे फार मोठी आहेत. पण शाळापूर्व शिक्षण हे तिथले एक कलम होऊन राहिले, आणि बऱ्याच ठिकाणी सर्वांत दुबळे कलम. नाव गेले, पाळणाघर आणि वर्ग एका आवारात ठेवण्याची कल्पना मात्र तितकी पुढे गेली नाही. कोसबादचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये जाईपर्यंत चालवले.

यादीचे काम अजून अपुरे आहे. दहावीची नावे मागच्या पानांवर आहेतच. समितीला विनंती करून मी चौथीचा फोटोही छापायला दिला आहे आणि त्याखाली सगळ्यांची नावे रांगेप्रमाणे लिहिली आहेत. काही जागा रिकाम्या आहेत, कारण नावे कुणालाच आठवेनात. पहिल्या रांगेतल्या तिचे नाव मला आठवते, आडनाव नाही. तिचा भाऊ आता चाळिशीला आला असेल. कुणाला त्यांचा ठावठिकाणा माहीत असेल तर स्नेहमेळाव्याच्या आधी मला फोन करा.